तिकिटाएवढा फोटो

सकाळपासून धुकं हटलं नव्हतं. छापखान्यातला कागद सर्दावला होता, मशीनवाला त्याच्यावरच खेकसत होता आणि कोपऱ्यातल्या संगणकासमोर तीनशेराव चष्मा पुसत बसले होते.

हे नाव मशीनवाल्यानंच पाडलेलं. गिऱ्हाइकांच्या पीडीएफ आल्या की त्यातला एकेक फोटो तपासायचा, हे रावांचं काम. फोटो म्हणजे शेवटी ठिपके. इंचाला तीनशे बसले तर छपाई नितळ; कमी पडले तर फोटो फाटतो, चेहऱ्याचे चौकोन होतात. तीनशेच्या खाली राव कुणाला सोडत नसत. मालकाच्या व्याह्यांनाही परत पाठवलेलं.

घरीही तेच. बायकोचे फोनमधले फोटो बघायचे आणि ‘हा हलला’, ‘हा छापायच्या लायकीचा नाही’ करत पुसून टाकायचे. ती म्हणायची, “अहो, मला कुठं पुस्तकात छापून यायचंय? राहू द्या की एखादा.”

ती जाऊन महिना होत आला होता. मुलीला समोरच्या भिंतीवर आईचा मोठा फोटो हवा होता आणि घरात धड एक सापडेना. मग तिलाच आठवलं, आईच्या शिवणवर्गाचं माहितीपत्रक. ते बाबांनीच केलेलं. त्यात आई शिलाई मशीनवर बसून हसतेय.

आज मुलगी मुद्दाम छापखान्यात आली होती. रावांनी जुनी पीडीएफ उघडली. पत्रकाच्या कोपऱ्यात फोटो होता, टपालाच्या तिकिटाएवढा.

“एवढासाच?”

“दिसतो एवढासा. मोठा फोटो लहान जागेत बसवला की ठिपके दाटीवाटीनं बसतात. आकडा हजाराच्या वर आला ना, की भिंतीचं काम झालं बघ.”

कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज जरा उघडला होता. मशीनवालाही हात पुसत मागं येऊन उभा राहिला. रावांनी फोटोवर बाण नेला, बाजूला आकडा उमटला.

तीनशे. ना एक जास्त, ना एक कमी.

“बसला की नेमका, राव,” मशीनवाला बोलून गेला. मग त्यांचा चेहरा बघून आपल्या मशीनकडे वळला.

“बाबा, तीनशे म्हणजे चांगलं ना?”

“तिकिटाएवढ्याला चांगलं.” राव की-बोर्डकडे बघत म्हणाले, “पीडीएफ करताना मीच लावून ठेवतो, तीनशेच्या वरचं सगळं कापून टाकायचं. फाईल हलकी होते.”

“आणि मूळ फोटो?”

“पत्रक छापून झालं तेव्हा पुसला. जागा अडवत होता.”

मुलगी स्क्रीनवरच्या तिकिटाकडे वाकली. मग म्हणाली, “फाटू दे. मोठा करा.”

रावांनी त्यातला तिचा चेहरा स्क्रीनभर केला. नुसते मातकट, करडे चौकोन. त्यात हसणं कुठलं ते कळेना. ते उठले आणि मागं मागं सरकत पार दारापर्यंत गेले. तिथून ती दिसली, मान जरा कलती, हसणारी. ते दोन पावलं पुढं आले आणि ती पुन्हा गेली.

“छापतो तसाच,” ते म्हणाले. “लांबून बघत जाऊ.”

मुलगी डोळे पुसत निघून गेली. राव खुर्चीत बसले, पुढची फाईल उघडली. दुसऱ्याच पानावरचा फोटो कमी भरला. त्यांनी गिऱ्हाइकाला फोन लावला.

“छापखान्यातून बोलतोय. तुमचा एक फोटो फाटतोय. मूळ आहे ना? तो पाठवा.” जरा थांबून ते म्हणाले, “आणि पाठवला म्हणून तुमच्याकडचा पुसू नका.”

मग त्यांनी तिसरं पान लावलं.