एकतीस नंबरची भुकटी

६ मे १९६१ रोजी मी चुडामणच्या पगारातून सतरा रुपये चाळीस नये पैसे कापले. नंदुरबारच्या आमच्या तेलगिरणीत मी हिशेबनीस, तो तेल तपासणारा. शेंगदाणा तेलात खनिज तेल मिसळले असेल तर प्रयोगशाळेतल्या जांभळ्या दिव्याखाली ते निळसर चमकते. तो दिवा खासगी कामाला वापरल्याबद्दल शेठनी हा दंड लावला होता.

खासगी काम म्हणजे रंग तयार करणे. कांद्याच्या पापुद्र्यावर रंग टाकून तो त्या उजेडात सूक्ष्मदर्शकातून पाहत बसे. मेलेल्या पेशीला कुणीही रंगवील, तो म्हणे. जिवंत पेशीने रंग आत घ्यावा, आतले बारीक अवयव चमकावेत आणि तिने जगावेही. एकाच रंगाच्या रेणूत थोडाथोडा बदल करत त्याने तीस प्रकार केले. काही आत शिरत नसत, काही पेशीच मारत. हमाल विचारीत, "काय रंगारीभाऊ, आजना कांदा जित्ता शे का?"

एकतिसाव्या रंगात कांदा जगला. आतले कण हिरवे चमकताना मी स्वतः पाहिले. मुंबईच्या त्याच्या जुन्या प्राध्यापकांनी कळवले, वीस मेपर्यंत नमुना पाठवा. पसंत पडला तर जूनपासून इथे जागा आहे. त्यांनीच दिलेला कच्चा माल संपला होता. भुकटी होती ती चार ग्रॅम. उजेडाने रंग मरतो म्हणून त्याने ती काळ्या कागदात गुंडाळून घरी धान्याच्या कोठीत ठेवली.

सतरा तारखेला ती आणायला मी त्याच्यासोबत गेलो. अंगणात त्याची आई धनुबाई वाळवण गोळा करत होती.

"भाऊ, तुन्ही पुडी पावसायामा सर्दाळी जाई म्हनीसन मिरच्यासंगे दोन दिन उनमा टाकी दिन्ही. दख, कशी कडक वाळनी!"

फडक्यावर पातळ पसरलेली नारिंगी भुकटी पांढुरकी झाली होती.

आम्ही तसेच गिरणीत आलो. दिव्याखाली पापुद्रा काळाच राहिला. त्याने तीन काचा बदलल्या, मग दिवा बंद केला.

"मायले सांगू नका, अण्णा. तिना जीवले लागी जाई."

मुंबईची जागा दुसऱ्याला मिळाली. काळ्या रंगाने बंद केलेल्या खिडकीच्या त्या खोलीत तो आज आठ वर्षांनीही तेलच तपासतो. धनुबाई शेजारणींना सांगते, "मन्हा चुडामण मुंबईले गया नही. माले सोडीसन जाई तरी कसा?" तो शेजारी बसून ऐकतो.

पार्सलच्या तिकिटांसाठी त्याने आगाऊ दिलेला एक रुपया दहा पैसे मी त्याला देणे आहे.