मु. अल बर्शा, तालुका दुबई

“पोरगी बोलत नाय, म्हणून काय झालं राव? वायरलेस बी दिवसभर बोलत नसतो. पण बोलला की कामाचंच बोलतो.”

हे मी स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकलं. हातात चहाचा ट्रे होता आणि विषय माझा होता, म्हणून तिथेच थांबले. हॉलमध्ये बाबा आणि त्यांचे जुने रूममेट, म्हणजे मी ज्यांना काका म्हणते ते, बसले होते. बाबा म्हणत होते, “सैन्याची लेखी परीक्षा ती काढेल हो, हवालदार. पण पुढे पाच दिवसांची मुलाखत असते. अनोळखी मुलींमध्ये बसून चर्चा करायची, साहेबांसमोर तोंड उघडायचं. ही लिफ्टमध्ये शेजारणीला गुड मॉर्निंग म्हणावं लागेल म्हणून जिन्याने वर येते.” हे खरं होतं. आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो.

कागदावर या माणसाइतकी माया करणारा दुसरा माणूस सबंध अमिरातीत नसेल, हे मी शपथेवर सांगू शकते. आणि त्या शपथपत्राचा मसुदाही तेच करून देतील, आधी पेन्सिलने. काका सैन्यात हवालदार क्लार्क होते. निवृत्तीनंतर दुबईला आले आणि रास अल खोरच्या एका स्पेअर पार्टच्या गोदामात स्टोअरकीपर झाले. बाबा या देशात नवे होते तेव्हा दोघांचे पलंग एकाच खोलीत, एकावर एक होते. पुढे बाबांना फॅमिली व्हिसा मिळाला, आई आली, माझा जन्म झाला आणि आम्ही अल बर्शाला राहायला आलो. काका त्याच खोलीत राहिले. काकू आणि मुलं साताऱ्याकडच्या गावी. दर शनिवारी चार वाजता ते आमच्याकडे येतात. चार म्हणजे चार. पावणेचारलाच पोचलेले असतात, पण बेल न वाजवता बाहेर पॅसेजमध्ये उभे राहून भिंतीवरचा आग विझवण्याच्या सूचनांचा तक्ता वाचतात. तो त्यांना पाठ आहे. आमच्या मजल्याला कधी आग लागलीच, तर ती शनिवारी पावणेचारला लागावी.

“खाली दिलेल्या सूचना काळजीपूर्वक वाचाव्यात” हे वाक्य जगात बहुधा ते एकटेच मानतात. मेट्रोत शिरले की आधी दरवाजावरचा मजकूर, मग बसायचं. बिस्किटाचा पुडा समोर ठेवला तर मागची सगळी बारीक अक्षरं वाचल्याशिवाय त्यातलं बिस्किट उचलत नाहीत. एकदा आईने सहज म्हटलं की वॉशिंग मशीन फार हादरतं. काकांनी विचारलं, “वहिनी, पुस्तक हाय का त्याचं?” पुस्तक माळ्यावरून निघालं, त्यांनी ते जेवणापर्यंत वाचलं, आणि मग मशीनच्या मागे वाकून, वाहतुकीसाठी लावलेले चार बोल्ट काढून ओट्यावर ओळीने मांडले. चार वर्षं ते मशीन बांधलेल्या अवस्थेत आमचे कपडे धूत होतं. काका कोणाला दोष न देता एवढंच म्हणाले, “पान नंबर तीन.” आईने त्या दिवसापासून त्यांना चहाबरोबर काहीतरी तळलेलं द्यायला सुरुवात केली.

माझी गोष्ट त्यांना कळली तीसुद्धा कागदामुळेच. बारावीनंतर सैन्यात अधिकारी होण्याच्या प्रशिक्षणाची जाहिरात मी गुपचूप प्रिंट केली होती आणि पानं प्रिंटरमध्येच विसरले होते. मला हे का हवं होतं ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. ज्या शहरात जन्मले, तिथे माझं राहणं बाबांच्या नोकरीला टाचलेलं आहे. जे गाव आपलं म्हणतात, तिथे मी वर्षातून दहा दिवस पाहुणी असते. जिथे जाऊन हजर झालं की आपण तिथले होतो, अशी जागा मला हवी होती. शाळेतल्या करिअर कौन्सेलरना मी एकदा विचारून पाहिलं होतं. कॅनडा आणि इंग्लंडची सगळी कॉलेजं त्यांना तोंडपाठ होती. शिक्षण, राहणं, गणवेश सगळं सरकार करतं आणि बदल्यात आपण नोकरीची वर्षं द्यायची, हे ऐकून त्या म्हणाल्या, “म्हणजे एक प्रकारची स्कॉलरशिपच ना?” मी हो म्हटलं, कारण हो म्हटलं की संभाषण संपतं.

काकांनी मात्र ती सगळी पानं आधी वाचली, मग पंचिंग मशीनने भोकं पाडून फाईल केली, आणि मग बाबांना माझ्याबद्दलचं ते वायरलेसचं वाक्य ऐकवलं. पुढच्या शनिवारी एक तक्ता घेऊन आले. बारावीनंतरची वाट, इंजिनिअरिंग करता करता जायची वाट, पदवीनंतरची वाट. प्रत्येकीचं वय, अटी, मुलींना जागा आहे की नाही, राज्य सरकारची वेगळी शिष्यवृत्ती कोणाला मिळते. सगळं चार रंगांत, पट्टी लावून. बाबांचा बेत मी इथेच कॉम्प्युटर शिकावं असा होता. तक्त्याकडे बराच वेळ बघून ते म्हणाले, “हवालदार, तुम्ही हे माझ्या व्हिसासाठी केलं असतंत तर मी दोन वर्षं आधी बायकोला आणलं असतं.” काका म्हणाले, “तवा तुम्ही विचारलं नाय.” बाबांची परवानगी मिळाली ती अशी.

मग कागदांचा हंगाम सुरू झाला. जन्माचा दाखला इथला, म्हणून अरबीत. त्याचं भाषांतर, त्यावर शिक्का, शिक्क्यावर शिक्का. माझे फोटो तीन मापांचे, कान दिसणारे. “कान दिसलं पायजेत. फौज कान बघती.” प्रत्येक गोष्टीच्या पाच प्रती. फॉर्मचा एकेक भाग संपला की म्हणायचे, “हा खलास. यल्ला, पुढं.” लेखी परीक्षा मी पुण्याला मावशीकडे राहून देऊन आले आणि पास झाले. बाबांनी पेढे वाटले. काकांनी पेढा हातात घेतला आणि म्हणाले, “आता खरं.”

खरं म्हणजे मुलाखत. तिथे पोचल्यावर आधी स्वतःची माहिती देणारा एक फॉर्म भरायचा असतो, घड्याळ लावून, आणि पुढे मुलाखत घेणारे साहेब त्यातूनच प्रश्न काढतात. काकांनी कुठूनतरी त्याचा नमुना मिळवून पन्नास झेरॉक्स काढल्या आणि दर शनिवारी मला तो भरायला बसवलं. गाडी अडली ती एका रकान्यात. जास्तीत जास्त काळ कुठे राहिलात? तिथली लोकसंख्या किती? ते जिल्ह्याचं ठिकाण आहे का?

अल बर्शा जिल्ह्याचं ठिकाण आहे का, याचा विचार त्यांच्याआधी कोणी केला नसावा. त्यांनी तो पंधरा दिवस केला. मेट्रो स्टेशनवरच्या गार्डला विचारलं, टॅक्सीवाल्याला विचारलं. कोपऱ्यावरच्या ग्रोसरीतल्या मल्याळी भाईने “हबीबी, डिस्ट्रिक्ट क्या, ये तो बस-स्टॉप है” म्हणून वाटेला लावलं. लोकसंख्येसाठी त्यांनी आमच्या इमारतीपासून सुरुवात केली. वही घेऊन प्रत्येक मजल्यावर फिरले आणि दारासमोरच्या चपलांवरून माणसांचा अंदाज टिपू लागले. चौथ्या मजल्यावर वॉचमनने त्यांना धरलं. बाबांना खाली बोलावून घेतलं, मागोमाग मीही गेले. वॉचमन पेशावरचा, गंभीर माणूस. तो म्हणाला, “साब, ये बुजुर्ग बोलते हैं जनगणना कर रहे हैं। किसकी तरफ से?” बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. काका शांतपणे म्हणाले, “बेटी की तरफ से।”

शेवटी त्यांनी तोडगा काढला. “लागू नाही असं लिहायचं नाय. लागू नाही म्हटलं की माणूस कुठलाच नाय असं वाटतं.” म्हणून त्यांनी साताऱ्याच्या पद्धतीने पेन्सिलने लिहून दिलं: मुक्काम अल बर्शा, तालुका दुबई. मी ते वीस-पंचवीस वेळा तसंच इंग्रजीत उतरवलं. शेवटच्या आठवड्यात त्यांनाच ते खटकलं. “तालुका काढ. साहेब लोक हसतील. नुसतं दुबई शहर ठेव.” तो एकच रकाना त्यांनी खोडरबराने पुसला. कागद फाटेपर्यंत पुसला.

माझं बोलणं मात्र पेन्सिलने सुटणारं नव्हतं. काका प्रश्न विचारायचे, मी इंग्रजीत एका शब्दाचं उत्तर द्यायचे, आणि ते वहीत लिहायचे, “उमेदवार विचार करत आहे.” एका शनिवारी ते मला आणि बाबांना रास अल खोरला गोदामात घेऊन गेले. दुपारनंतरची सुट्टी होती. सायलेन्सरच्या खोक्यांमध्ये गोल करून खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यांच्या खोलीतले चौघे अंघोळ करून, इस्त्रीचे शर्ट घालून बसले होते. ही माझी गटचर्चा. विषय, मेट्रोत डबा उघडायला परवानगी असावी का. चिपळूणचा वेल्डर म्हणाला, “मॅडम, आधी तुम्ही बोला. आम्ही सुरू झालो की मग थांबत नाही.” मी बोलले नाही आणि ते सुरू झाले. सुक्या मासळीवरून वेल्डर आणि खानापूरचा ड्रायव्हर यांचं असं जुंपलं की एकमेकांची मागच्या महिन्यातली उष्टी भांडी निघाली. नवव्या मिनिटाला मला ते सहन होईना. मी म्हटलं, “एकेकाने बोलूया का? आधी तुम्ही, मग तुम्ही.” आवाज माझाच होता, पण मला ओळखू आला नाही. ड्रायव्हरने वर केलेला हात खाली घेतला. वेल्डर हात बांधून सरळ बसला. काकांनी लिहिलं, “उमेदवाराने गट ताब्यात घेतला.”

परत निघण्याआधी बाबा गाडी आणायला गेले तेव्हा काका पेन्सिलीला टोक करत बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “मी बी गेलतो तिथं. जवानांमधनं अधिकारी व्हायची बी वाट असती. लेखीत युनिटात पयला होतो. चर्चेत मला सगळं येत होतं गं. पण वाटलं, आपलं इंग्लिश ऐकून हसतील. वीस मिनिटं गप बसलो. संध्याकाळच्या गाडीनं परत.” मग टोक फुंकून म्हणाले, “तू हसू दे त्यांना. पण बोल.”

मी मुलाखतीला गेले. पाच दिवसांत काय काय झालं ते सगळं मी परत आल्यावर काकांना सांगितलं, त्यांनी ते प्रश्नांच्या क्रमाने लिहून घेतलं. चर्चेत मी तिसरी बोलले. साहेबांनी गणिताचे गुण विचारले, दुबई सोडून इकडे का, ते विचारलं. एक प्रश्न मात्र मी काकांपासून लपवला. साहेब फॉर्म वाचता वाचता एके ठिकाणी थांबले होते. त्यांनी चष्मा वर केला. “तालुका दुबई?” ते म्हणाले. “मी तिथे दोनदा गेलोय. मला कोणी सांगितलं नाही.” पंचवीस वेळा गिरवलेला हात खऱ्या फॉर्मवरही तसाच चालला होता. माझे कान तापले. ते सगळ्या फोटोंत स्पष्ट दिसतात तेच कान. साहेब हसत होते, आणि ते हसणं वाईट नव्हतं. “हे तुला कोणी शिकवलं?” त्यांनी विचारलं. त्यानंतर मी पाच मिनिटं न थांबता बोलले. आयुष्यात एवढं सलग कोणासमोर बोलले नव्हते.

निवड झाली, वैद्यकीय तपासणी झाली, पत्र आलं. परवा माझं विमान आहे. आज शनिवार. काका चार वाजता फाईल घेऊन आले. आत यादी, यादीप्रमाणे कागद, शेवटी “मिळाले” अशी माझी सही घ्यायची जागा. मी सही केली. मग फाईल माझ्याकडे आली आणि त्यांच्यासमोर टेबलावर काही उरलं नाही. त्यांनी बिस्किटाचा पुडा उचलला, उलटा केला, पण वाचला नाही. बाबा म्हणाले, “हवालदार, पुढच्या शनिवारी पत्ते खेळू.” काका म्हणाले, “खेळू की,” आणि आपली पेन्सिल खिशात ठेवली. या दीड वर्षात मी त्यांचे आभार मानले नव्हते. थँक्यू मी दिवसातून वीसदा म्हणते, बसवाल्याला, दार धरणाऱ्याला, कॅशियरला. त्यामुळेच तो शब्द त्यांच्यासमोर मला फार हलका वाटायचा, आणि दुसरा माझ्याकडे नव्हता.

ते निघाले तेव्हा मी चपला घालून लिफ्टपर्यंत गेले. लिफ्ट तळमजल्यावर होती. काका भिंतीवरच्या तक्त्याकडे तोंड करून उभे राहिले. “काय राहिलं तर नाय ना गं?” त्यांनी विचारलं.

“राहिलंय,” मी म्हटलं. ते वळले. “काका, मी फॉर्ममध्ये तालुकाच लिहून आले. साहेबांनी विचारलं, हे कोणी शिकवलं. मी तुमचं नाव सांगितलं. त्या खोलीत, मोठ्याने. आख्खं नाव, हुद्द्यासकट.”