साडेदहाचा साक्षीदार

झेरॉक्सवाल्या काकांसमोर पोलिसांची मालिका लावणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं, हे त्यांच्या घरात सगळ्यांना पाठ होतं.

"अरे, पिस्तूल आत्ता उजव्या हातात होतं, डाव्यात कसं आलं?" काका ओरडत. "आणि हा चाकू उचलून थेट खिशात? साक्षीदार कुठायत? ना सील, ना सह्या!"

"तुम्हीच जा तिकडे फौजदार व्हायला," बायको म्हणे. "आम्हाला खुनी कोण ते तरी कळू दे."

काकांचा तोरा उगाच नव्हता. त्यांचं दुकान पोलीस ठाण्यासमोरच. जप्तीच्या कागदावर साक्षीदार हवा असला की हवालदार रस्ता ओलांडून येई, "काका, एक सही." काका मशीन न थांबवता सही ठोकत. शेजारधर्म हो! कागद वाचत बसायला वेळ कुणाला?

त्यातल्याच एका कागदापायी त्यांना कोर्टाचं बोलावणं आलं. एका सुताराच्या घरून रक्ताळलेला चाकू काकांदेखत जप्त झाला, असं त्यात लिहिलं होतं. पुरावा काय तो तेवढाच, आणि त्यावर सुतार चार वर्षं तुरुंगात होता. काका इस्त्रीचा शर्ट घालून ऐटीत गेले.

सुताराच्या वकीलबाईंनी दोन कागद पुढे केले. "दोन्ही सह्या तुमच्याच?"

"माझ्याच की."

"तारीख एक. वेळ एक, सकाळी साडेदहा. इथे तुम्ही सुताराच्या घरी चाकू बघताय, आणि इथे शहराच्या दुसऱ्या टोकाला, गोदामात, चोरीच्या सायकली. नक्की कुठे होतात?"

काकांच्या पायाखालची जमीनच सरकली. असली चूक मालिकेत दिसली असती तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं! मागून हवालदार डोळे वटारत होता.

"दुकानात," ते कसेबसे म्हणाले. "चाकू मी बघितलेलाच नाही."

बाहेर व्हरांड्यात सुताराची बायको आडवी आली आणि काका हादरले. ही तर त्यांचं नेहमीचं गिऱ्हाईक, दर महिन्याला जाडजूड फाइल घेऊन येणारी.

"काका, ती सही तुमची?" तिने विचारलं. "चार वर्षं त्याच कागदाच्या प्रती मी तुमच्याकडून काढून नेतेय. तुम्हीच तर दरवेळी म्हणायचात, अक्षरन् अक्षर स्वच्छ आलंय, बघून घ्या."