माघारी बघू नको

आधी डावा पाय दारातल्या गोणपाटाला घासून पुसायचा. मग भिंतीला हात टेकून पाठमोऱ्या उभ्या असलेल्या माणसाच्या कमरेवर तो हळूच ठेवायचा, नेम धरायचा, आणि एक दणका! "गेली बघ. आता गप घरला जा. माघारी बघू नको."

ही आमच्या दिंद्रुडची पायाळू मावशी. जन्मताना ज्याचे डोक्याआधी पाय बाहेर येतात तो पायाळू, आणि पायाळू माणसाची लाथ बसली की कमरेत भरलेली उसण पळते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तुमच्या गावातही असं कुणीतरी असणारच. लाथेचे वार दोन, रविवार आणि बुधवार, तेही चहाच्या आधी. लाथ खाणाऱ्यानं तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि जाताना वळून बघायचं नाही. बघितलं की उसण परत पाठीला चिकटते.

माझं मेडिकल मावशीच्या घरासमोर, त्यामुळं दर रविवारी हा तमाशा मला फुकट बघायला मिळे. एकदा सरपंच गाडीतून वाकडेतिकडे होत उतरले. मावशीनं दणका जरा जास्तच मनापासून दिला. सरपंच "अगं आई गं!" करत भिंतीला चिकटले.

"बोलायचं न्हाई," मावशी म्हणाली. "मतं मागाया आलतास तवा लई बोललास."

"मावशी, ही लाथ कमरेवर न्हाई, माझ्या धंद्यावर बसती," असं मी रागानं म्हणायचो. कंबरदुखीच्या गोळ्या घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी तिचं दार वाजवायचं. पण खरं सांगतो, एकदा खोकं उचलताना माझीच कंबर धरली, तेव्हा बुधवारी सकाळी मीही गुपचूप भिंतीला हात टेकून उभा राहिलो. बरं वाटलं. का वाटलं ते मला विचारू नका.

मावशीचं माहेर कडा गावाकडचं. तिचा बाप पन्नाशीच्या आतच असा वाकला, की समोरच्या माणसाच्या चपलेवरून त्याला ओळखायचा. मग भाऊही तसाच वाकला. दोघंही आडतीवर पोती उचलायचे. तेव्हा ओझ्यानं पाठ मोडली, असंच साऱ्यांनी धरलं आणि मावशीनंही धरलं. तिच्या स्वतःच्या पाठीला म्हातारपणातही बाक नव्हता.

तिला एकच लेक, सुदाम. नवरा लवकर गेलेला. या पोराला ओझं म्हणून उचलू द्यायचं नाही, असं तिनं पक्कं ठरवलं होतं. पाण्याची घागर तिच्या कमरेवर, दळणाचा डबा तिच्या डोक्यावर, आणि मागून तिशी ओलांडलेला सुदाम हात हलवत चालतोय. गाव फिदीफिदी हसायचं. "आला मावशीचा राजा!" मावशी म्हणायची, "हसा. त्याची पाठ सरळ ऱ्हाऊ द्या, मग माझ्या नावानं काय हसायचं ते हसा."

पण विशीपासूनच सुदाम सकाळी उठायचा तो फळीसारखा ताठ. त्याला अंथरुणावरून उठायलाच वेळ लागायचा. मावशीला वाटायचं, पोराची उसणच चिवट. ती पाय लावायची आणि त्याला पुन्हा निजवायची. "पडून ऱ्हा. हालू नको."

"माय, पडलं की लईच दुखतंय. हिंडलं की जरा बरं वाटतंय."

"येडा हाईस. हिंडून कुठं पाठ बरी व्हती व्हय?"

सुदाम दुधाचा टेम्पो चालवायचा. मागं घेताना एका सकाळी त्यानं तो सरळ माझ्या दुकानाच्या पायरीवर घातला. पायरी फुटली, वरचा पत्रा खाली आला. मी बाहेर येऊन ओरडलो, "माघारी बघ की बे! डोळे काय गहाण ठेवलेत का?"

तो खाली उतरला. माझ्याकडं वळला तो अख्खाच वळला, खांदे, कंबर, पाय, सगळं एकदम. मला म्हणाला, "बघता येत न्हाई, काका. मान वळंनाच झाली. आरशावर भागवत व्हतो. मायला सांगू नका."

माझा राग तिथल्या तिथं गळाला. आधी माजलगाव, तिथून चिठ्ठी घेऊन पुढं मोठ्या शहरात सांध्यांच्या डॉक्टरकडं गेलो. मावशीपासून ते लपलं नाहीच. तीही सोबत होती, डब्यात भाकरी बांधून.

डॉक्टरांनी फोटो बघितले, रक्त बघितलं, आणि घरात आणखी कुणाची पाठ अशी होती का विचारलं. मावशीनं बाप सांगितला, भाऊ सांगितला. डॉक्टर म्हणाले, हा आजार ओझ्याचा नाही. आईबापाकडून नाक-डोळे येतात, तशी या दुखण्याची खूणही रक्तातून येते. काहींच्या अंगात ती जन्मभर गप्प बसते, काहींच्या पाठीचे मणके एकमेकांना जोडून टाकते. तुमच्या वडिलांकडून तुमच्यात आली असणार आणि गप्प राहिली. मुलाच्या अंगात बोलली. यात तुमचा दोष नाही.

आणि मग त्यांनी सहज विचारलं, "याला लहानपणापासून व्यायामाची, कामाची सवय आहे ना? या आजारात पडून राहणं वाईट. हालचाल हेच औषध."

मावशीनं माझ्याकडं बघितलं. तसं बघणं देवानं कुणाच्या वाट्याला आणू नये.

"साहेब," ती म्हणाली, "माझ्यातनं गेलंय ना ते? मग परत माझ्यात घालता येतं का बघा की. माझी पाठ अजून चांगली हाय. मला आता कुठं लांब जायचंय?"

डॉक्टर चष्मा पुसत राहिले. जुळलेलं आता सुटत नाही, पुढचं थांबवायचा प्रयत्न करू, एवढंच म्हणाले.

परतताना एसटीत सुदाम खिडकीशी बसला होता. बीड मागं पडल्यावर तो बोलला. "साऱ्या गावाला बरं केलंस, माय. मला मातर हे दिलंस. वर निजवून निजवून वाढवलंस." मला दोघांचाही राग आला आणि दोघांचंही वाईट वाटलं.

त्यानंतर मावशीनं पाय लावणं बंद केलं. सरपंच कमरेवर हात ठेवून दारात विनवणी करत होते. आतून आवाज आला, "पाय मेला माझा. मेडिकलवाल्याकडं जा." आयुष्यभर मागत होतो ते गिऱ्हाईक मला मिळालं आणि मला ते नकोसं झालं.

डॉक्टरांनी शिकवलेले व्यायाम सुदाम रोज सकाळी अंगणात करायचा, भिंतीला टाच, पाठ, डोकं टेकवून. डोकं टेकायचंच नाही. मावशीही नऊवारीचा काष्टा आवळून त्याच्या शेजारी भिंतीला लागून उभी राहायची आणि त्याच्याबरोबर हात वर-खाली करायची. ती बोलत राहायची, तो समोर रस्त्याकडं बघत राहायचा. मी शटर अर्धं उघडून ते बघायचो. हसू यायचं आणि मी उगाच काउंटर पुसायला लागायचो.

एकदा ती त्याच्या गोळ्या न्यायला आली. पुडी हातात घेऊन उभीच राहिली.

"भाऊ, एक इचारू? पोरगं माझ्याकडं बघत न्हाई. मान वळत न्हाई म्हणून बघत न्हाई, का राग हाय म्हणून? मला कळंनाच झालंय."

"मानेमुळंच गं मावशी."

"सारं अंग वळवून तुमच्याकडं तर बघतो की." तिनं डोळे पुसले. "एकदा वळून बघितलं असतं, मग मी सुटले असते."

तिला तेवढंही मिळालं नाही. पोळा होऊन गेल्यावर ताप आला, छातीत कफ भरला, आणि माजलगावला दवाखान्यात नेताना वाटेवरच ती गेली. जीपमध्ये सुदाम पुढं ड्रायव्हरशेजारी बसला होता. मागं ती माझ्या मांडीवर होती.

स्मशानात जाळ लागला. सुदामनं खांद्यावर मडकं घेऊन फेरे घातले, मडकं पाठीमागं टाकलं. आता विधी असा, की अग्नी देणाऱ्यानं सरळ घरची वाट धरायची, वळून बघायचं नाही. गेलेल्याचा जीव अडकतो म्हणतात. कुणीतरी जाणतं मागून म्हणालं, "चल बाबा. माघारी बघू नको."

सुदाम चार पावलं चालला आणि थांबला. मग वळला. खांदे, कंबर, पाय, सगळं एकदम, दुखत-कण्हत, पुरता वळला.

"माय," तो म्हणाला. "माय, बघ ना. बघतोय की मी."

तो जाणता माणूस त्याला फिरवायला पुढं निघाला. मी त्या माणसाचा दंड धरून त्याला थांबवलं. आम्ही सगळे तिथंच उभे राहिलो आणि सुदाम जाळाकडं बघत राहिला.