त्रेचाळीस इंची टीव्ही

आमच्याकडे आता टीव्ही लावत नाहीत, त्याची मनधरणी करतात. आधी तो इंटरनेट शोधतो. मग विचारतो, कोण बघणार आहे? अरे, मी बघणार आहे, आणखी कोण? मग त्याला अपडेट हवं असतं. तेवढ्यात कळंबची वीज गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. जुन्या टीव्हीला एक बटण होतं, ते दाबलं की माणसं बोलायला लागायची.

हा टीव्ही मीच आणला, हे आधीच कबूल करते.

आईला काचबिंदू आहे. रंग दिसतात, माणूस हललं की कळतं, चेहरा कळत नाही. चित्र मोठं झालं तर तिला दिसेल, हे माझं शहाणपण. शाळेत मुलांना गणित शिकवते मी, पण हे गणित साफ चुकलं. आधी लहान धुकं दिसायचं, आता त्रेचाळीस इंची दिसतं.

त्याआधी आई मालिका कशी बघायची, हे रोज डोळ्यांसमोर असून मला कळलं नव्हतं. साडेसातला भिंतीपलीकडच्या काकू यायच्या, थंडीत टोपलंभर तुरीच्या शेंगा घेऊन. दोघी सोले काढत बसायच्या. शेंगा सोलायला आईला डोळे लागत नाहीत. हात चालायचे आणि काकूंचं तोंडही चालायचं.

"आली वं वयनी थे सासू. हिरवा शालू घातला. दाराच्या मागं उभी राहून आयकून राह्यली."

"मेली सुधरत नाई," आई म्हणायची.

जाहिराती लागल्या की काकू कुकर बंद करायला घरी पळायच्या. तेवढ्यात पुढे काय होणार याचा अंदाज आई बांधून ठेवायची, आणि काकू परतल्या की त्यावरून दोघींची जुंपायची. मला त्या बडबडीत एक वही धड तपासता यायची नाही. रोज चिडायचे मी.

नवा टीव्ही आल्यावर एका रविवारी काकूंनी आपला फोन पुढे केला. "बाई, याच्यात लागते काय वं आपली मालिका?" मी हौसेनं आमच्या टीव्हीतलंच ॲप टाकून दिलं, दोनदा समजावून सांगितलं. त्यात भाग सकाळीच येतो आणि मधे जाहिराती नसतात. काकू खूश, मीही खूश. आठ दिवसांत त्यांचं येणं बंद झालं.

मग आईजवळ मी बसायला लागले.

"सासू आली," मी सांगितलं.

"कशी आली?"

"चालत आली."

"तोंड कसं हाय थिचं?"

"तोंडासारखं."

दोनचार दिवसांनी मालिका चालू असतानाच आई भिंतीकडे तोंड करून आडवी व्हायला लागली. साडेसातला कधी न झोपणारी बाई ती. माझा जीव तुटायचा आणि रागही यायचा. शेवटी तणतणत काकूंकडे गेले.

"येऊन काय करू बाई?" त्या म्हणाल्या. "मी तं सकायीच पाह्यली. आता थेच थेच पाहू काय? अन् तुमच्या टीवीले जायरात बी नाई. कुकरसाठी उठाव तं कवा उठाव?"

घरी येऊन मी आईसमोर काकूंना भरपूर नावं ठेवली. माणसं कशी स्वार्थी झालीत, वगैरे.

"थिच्यावर काहून चिडते?" आई म्हणाली. "मोठा टीवी तू आणला. अन् माहे डोये थिच्या मोबाईलात तूच घालून देले."

त्या संध्याकाळी मी टीव्ही लावलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मान खाली घालून पुन्हा काकूंच्या दारात. म्हटलं, बघायला येऊ नका, सांगायला या. सकाळी बघितलंत ते संध्याकाळी आईला सांगा. "एवढंच व्हय?" त्या म्हणाल्या आणि साडेसातला टोपलं घेऊन आल्या.

टीव्ही बंद होता. काकूंनी शालूच्या रंगापासून सुरुवात केली. सासू दारामागे गेली, सुनेनं पेटी उघडली, पेटीत हात घातला, आणि नेमकी भिंतीपलीकडे शिट्टी झाली. काकू शेंगा टाकून पळाल्या. आई हातात अर्धी सोललेली शेंग धरून त्या काळ्या पडद्याकडे तोंड करून बसली. मला राहवेना.

"आई, तोवर लावू काय टीवी?"

"थांब वं," आई म्हणाली. "जायरात चालू हाय."