“चालेल” म्हणालीस?

सुरीताईला जेवायला बोलवायचं असेल, तर आधी घरातल्या काचेच्या वस्तू शेजारी ठेवून याव्यात, असं आमच्या गल्लीत म्हणतात. म्हणणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे, हे खरं. पण मी पदरचं काही घालत नाही. घातलंच, तर चवीपुरतं.

बाई मटणाच्या दुकानाची मालकीण. दिवसभर ओंडक्यावर सत्तुराने हाडं फोडायची आणि घरी जाऊन त्याच हाताने स्वयंपाक करायचा. लसूण ती सोलत नाही; सत्तुराच्या पात्याखाली धरून असा दणका देते, की साल आपणहून पळून जातं. कांदा बुक्कीने फोडते. फोडणी वेळेवर तडतडली नाही, तर तेलाला शिव्या घालते. नवरा घरी शिकवण्या घेणारा, सज्जन, पोटाचा कायमचा नाजूक. त्याला रोज उकडलेला भोपळा लागतो. तो भोपळाही ती असा चेचते, की जुनं वैर असावं.

“अगं, भोपळ्याने तुझं काय बिघडवलंय?” त्याने एकदा भीत भीत विचारलं.

“काहीच करत नाही ना, तोच तर राग आहे,” ती म्हणाली. बघत मात्र होती नवऱ्याकडे.

दुकानाला सुट्टी असली, की बाई बाहेर जेवायला निघायची. तिच्याइतकी खाण्याची आवड मी कुणात पाहिली नाही, आणि खाण्यावरून झालेली इतकी मारामारीही. स्टेशनजवळच्या हॉटेलात तिने मासा हुंगला, “हा काल मेलेला नाही, हा परवा मेलाय,” म्हणाली आणि आचाऱ्याची मान धरून त्याचं नाक त्याच्याच वाटीत बुडवलं. कालवण झणझणीत होतं बिचारं. नाक आठवडाभर टोमॅटोसारखं. दुसरीकडे मटण चिवट निघालं. “कुणाच्या पायातली चप्पल शिजवलीत?” असं तिने विचारलं. मालकाने तिला ढकललं, तिने मालकाला खुर्चीसकट काउंटरच्या पलीकडे पाठवलं. त्याचं मनगट मोडलं, तिची भुवई फाटली. टाके घालून आल्यावर मला म्हणाली, “मटण टाकाऊ होतं, पण पाव मात्र ताजा होता हं.”

असं करत करत गावातली सगळी दारं तिला बंद झाली. एकच उघडं राहिलं: धाकट्या भावाची खानावळ. आणि तेही जेमतेम.

या बहीणभावाचं भांडण कशावरून, ते आधी सांगतो. खानावळ मूळ त्यांच्या आईची. म्हातारीच्या तोंडी दोनच निकाल असायचे. पोरांनी रांधलेलं बेताचं असलं, की घास घेऊन म्हणायची, “चालेल.” म्हणजे पोटात जाईल, पण जिभेला कळणार नाही. त्या घरात हा शब्द म्हणजे थोबाडीत. आणि जमलंच, तर म्हणायची, “धावेल.” हा दुसरा शब्द तिने उभ्या जन्मात एकदाच उच्चारला. शेवटच्या दुखण्यात दोघांनी मिळून तिला नळीचा रस्सा करून दिला. हाडं निवडून, फोडून, भाजून दिली लेकीने, मसाला वाटून उकळी आणली लेकाने. म्हातारीने वाटी संपवली, डोळे मिटून “धावेल” म्हणाली, आणि कुणामुळे ते न सांगताच गेली.

माती देऊन घरी आले आणि तिथेच जुंपली. “हाडं माझी होती!” “मसाला माझा होता!” त्याने रस्सा ढवळायचा डाव फेकून मारला, तिचा पुढचा दात गेला. तिने उरलेल्या दातांनी त्याच्या कानाची पाळी तोडली. आम्ही शेजाऱ्यांनी दोघांना ओढून वेगळं केलं. तेव्हापासून एकमेकांशी बोलणं फक्त वाढप्यामार्फत.

पण रस्सा तो. तिने घरी करून पाहिला. हाडं जमत, चव जमेना. आईची चव हवी, तर भावाच्या बाकावर बसणं भाग. त्याचंही अडलं होतंच. हट्टाने तो दुसऱ्या दुकानातली हाडं आणायचा आणि रस्सा अर्ध्यावर लंगडायचा. ती यायची, चाखायची, हाडांना नावं ठेवायची, ताट आपटायची. शेवटी त्याने निरोप धाडला, “ताईला सांग, आणखी एक भांडं फुटलं, तर या दारात पाय ठेवायचा नाही. मेलो तरी नाही.”

त्या दुपारी ती आली, ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबूनच बसली. मी समोर.

“आज मी गप्प बसणार आहे,” मला म्हणाली.

“मला बघायचंच आहे ते,” मी म्हणालो.

“तुम्ही नका हसवू. हे दार गेलं, की आईच गेली बघा पुन्हा.”

रस्सा आला. तिने एक घोट घेतला आणि चेहरा असा सैल पडला, की मी दुसरीकडे बघितलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून भाऊ डाव थांबवून बघत होता. एवढ्यात वाढपी म्हणाला, “ताई, टेबल डगमगतंय. खाली पुठ्ठा सारू, की असंच चालेल?”

“चालेल,” ती म्हणाली.

खिडकीपर्यंत पोचला तो एवढाच शब्द.

दार लाथेने उघडलं. भाऊ डाव घेऊन बाहेर. “चालेल? आईचा रस्सा, आणि चालेल म्हणालीस?”

“अरे, मी टेबला...”

डाव टेबलावर बसला. वाटी उडून फुटली, कढत रस्सा तिच्या गळ्यावर. मग काय, मांड्यांखालचे हात बाहेर आले. तिने बाक उचलून त्याच्या छातीत घातला. त्याने तिचे केस धरले. दोघं एकमेकांना फरफटत स्वयंपाकघरात गेले. भांडी कोसळली, कुणाचं तरी रक्त पिठावर उडालं, गिऱ्हाईकं पाव हातात घेऊन रस्त्यावर. तिने त्याला ढकललं. सावरायला म्हणून त्याने हात टेकला, तो सरळ उकळत्या पातेल्यात.

तो जो ओरडला, तसं ओरडणं मी दुसऱ्यांदा ऐकू इच्छित नाही.

तिनेच त्याचा हात गार पाण्याच्या बादलीत धरला. मनगटापर्यंतचं कातडं पांढरं पडून सुटत होतं. तिच्या गळ्यावर हे फोड.

वाढपी दाराशी येऊन म्हणाला, “मालक, ताई टेबलाला चालेल म्हणाल्या. रस्स्याला नाही.”

भाऊ बहिणीवर खेकसला, “मग सांगायचं ना!”

“तू सांगू दिलंस? आणि वाटी कुणी फोडली? मी की तू? मला दार बंद करणार होतास ना?”

आम्ही त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने हात कोपरापर्यंत बांधला आणि पावसाळा संपेपर्यंत डाव धरायचा नाही म्हणून बजावलं. परत आलो, तर गळ्याला ओलं फडकं गुंडाळून बाई त्याच्याच ओंडक्यापाशी उभी.

“ही हाडं कुणी तोडलीत? गवंड्याने?” म्हणत तिने पोतं बाहेर फेकलं आणि दुकानातून आपली आणवली. सत्तूर पडायला लागला तशी भिंतीवरची पळी हलायला लागली. भाऊ बाकावर बसून दात-ओठ खात मसाला सांगत होता. “आधी धने! धने, ताई! हाताला काय लकवा झालाय?”

“हात तुझा गेलाय. तोंड आवर.”

रस्सा झाला. वाटी त्याच्या डाव्या हातात दिली. त्याने घोट घेतला. ती समोर उभी, सत्तूर अजून मुठीत.

“चाल...”

सत्तूर खांद्याच्या वर गेला.

“पुरतं ऐक की गं! चालेल कसला, धावेल.”

ती मटकन खाली बसली. फुटलेल्या ओठाने हसायला गेली आणि कळवळली. मला वाटलं, मिटलं एकदाचं.

“धावेल ना? मग कबूल कर. हाडांमुळे.”

“वा गं वा! मसाल्या...”

मी माझी वाटी उचलली आणि भिंतीकडे सरकलो.