उंबऱ्यातली वाटी

सोमवार, ९ डिसेंबर २०२४ रोजी पिराजी सुतारांनी कळंब्याच्या पुढे, गारगोटी रस्त्यावरच्या एका बंगल्यात सहा हजार आठशे पन्नास रुपये घेतले. कुलपाची पेटी चार हजार नऊशे, हँडलची जोडी अकराशे पन्नास आणि मजुरी आठशे. पावतीच्या मागे त्यांनी नेहमीप्रमाणे लिहून दिले : सहा महिन्यांत काही झाले तर मी येईन. अशा लिहिण्यामुळे परत जावे लागण्याची वेळ त्यांच्यावर अकरा वर्षांत दोनदाच आली होती.

बंगला बाळाबाई इंगवल्यांचा. वय चौऱ्याहत्तर, घरात एकट्या. मुलगा विजयसिंह पुण्यात नोकरीला. उसाच्या हंगामात या रस्त्यावरून ट्रॅक्टर रात्रंदिवस गाणी वाजवत जातात. आईला झोप मिळावी म्हणून त्याने घराला पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चौकटीची, दुहेरी काचेची दारे-खिडक्या करून घेतल्या. दोन काचांमध्ये बोटभर पोकळी आणि कडेने रबर. दार लावले की ट्रॅक्टर नुसता दिसायचा, ऐकू यायचा नाही. मोठ्या दारात काच होती म्हणून कुलूपही भक्कम : हँडल वर उचलले की वर, मध्ये आणि खाली असे तीन खटके बाहेर पडायचे. खालचा खटका थेट उंबऱ्यातल्या भोकात जायचा.

पिराजींचे घराणे गारगोटीकडचे, लाकूडकाम करणारे. सोळाव्या वर्षी त्यांनी रंधा हातात घेतला. पुढे कोल्हापुरात शिवाजी पेठेत भाड्याने जागा घेऊन सागवानी चौकटी, दारे, देव्हारे केले. चाळिशी ओलांडली आणि काम आटत गेले. लोक आता दारे निवडायला दुकानात जायचे आणि ती दारे फोममध्ये गुंडाळून टेम्पोतून घरी यायची. पिराजी दोन वर्षे त्या दारांवर रागावून बसले. तिसऱ्या वर्षी दुकानाला टाळे लावले आणि पुण्याजवळ ज्या कारखान्यात ती दारे तयार होत, तिथेच जाऊन कामाला लागले. चार वर्षे कुलपे, हँडले आणि बिजागऱ्या बसवल्या. तिथे त्यांना एक गोष्ट दिसली. दार बसवणारे शंभर होते, आणि दार बिघडल्यावर फोन न उचलणारेही तेच शंभर होते. मग ते कोल्हापूरला परत आले, स्कूटरच्या मागे हत्यारांची पेटी बांधली आणि फक्त दुरुस्तीचे काम धरले. पोट भरले, मुलीचे लग्न झाले, घरावर स्लॅब पडला. या धंद्याबद्दल त्यांची काही तक्रार उरली नाही.

कामाची त्यांची एक रीत होती. पेटी उघडण्याआधी ते घरातल्या माणसाला म्हणायचे, "रोज लावता तसं लावून दाखवा." आणि दाराकडे न बघता हाताकडे बघायचे. राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांच्या खिडकीची बिजागरी तीनदा बदलूनही सैल पडत होती. पिराजींना कळले की डॉक्टर आंघोळीनंतर ओला टॉवेल उघड्या खिडकीवर वाळत टाकतात आणि त्यावर कोपर टेकून पेपर वाचतात. बिजागरी बदलली नाही, भिंतीला दोन खुंट्या ठोकल्या. खिडकी आजही नीट आहे.

पण ९ डिसेंबरला ही रीत चुकली. विजयसिंह रजा काढून आला होता, त्याला दुपारी परत निघायचे होते. दार त्यानेच लावून दाखवले, त्यानेच उघडले. हँडल गरगर फिरत होते, म्हणजे पेटीतले दाते तुटलेले. पिराजींनी पेटी बदलली. बाळाबाई मागे गोठ्यात म्हशीजवळ होत्या. त्यांना कुणी बोलावले नाही.

नवव्या दिवशी, बुधवारी सकाळी सव्वाआठला पिराजींचा फोन वाजला.

"पिराजी, मी बाळाबाई. मी कोंडलोय घरात. दार उघडंना झालंय."

कोल्हापूरकडच्या जुन्या बायका बोलतात तशा बाळाबाई 'कोंडलोय' म्हणाल्या, आणि एवढ्या शांतपणे, की पिराजींना आधी ते खरेच वाटले नाही.

"मागच्या दारानं या की, काकी."

"त्याला इज्यानं उन्हाळ्यात लोखंडी जाळी मारलीया, खिडक्यांना बी, चोराच्या भ्यानं. चोर बाहेर ऱ्हायला, मी आत."

पिराजी पोचले तेव्हा दाराबाहेर शेजारचे हंबीरराव उभे होते. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. ते काचेला नाक लावून ओरडत होते. काचेपलीकडून बाळाबाईही काहीतरी ओरडत होत्या. दोघांचेही तोंड हलताना दिसत होते, पण शब्द एकाचाही पलीकडे पोचत नव्हता.

"आलासा काय पावणं!" हंबीरराव वळले. "सात हजार घेऊन नऊ दिवस कुलूप चालवलासा. दिवसाला किती पडलं म्हणायचं?"

पिराजींनी स्कूटरवरून हत्यारांची पेटी सोडली. मागे गोठ्यात म्हैस सारखी रेकत होती. धारेची वेळ टळून गेली होती आणि ती बाळाबाईंशिवाय दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देत नसे.

हंबीररावांच्या हातातला फोन चालूच होता. पुण्याहून विजयसिंह बोलत होता. "मिस्त्री आले का? त्यांना म्हणावं, काच फोडा. आईला बाहेर काढा. नवं दार बसवायचं नाही, घर बंद करायचं. रविवारी टेम्पो घेऊन येतोय मी. आणि काका, म्हशीचं गिऱ्हाईक बघा, तुम्हाला सांगितलं होतं तसं."

हंबीररावांनी मान खाली घातली. गिऱ्हाईक त्यांनी आधीच बघून ठेवले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कुणालाही कळले असते.

पिराजींनी स्वतःच्या फोनवरून आत बाळाबाईंना लावला. "काकी, साहेब म्हणत्यात काच फोडा."

"फोडू नगंस!" आता मात्र बाळाबाईंचा आवाज चढला. "काच फुटली की मी गेलो पुण्याला. सातवा मजला हाय त्येचा. खाली बघितलं तर माणसं मुंगीएवढी, आन् वर बघितलं तर दुसऱ्याचा संडास. मी काय करू तिथं? ही म्हस कसायाला दिऊन मी काय टीव्ही बघत बसू?"

"कसायाला न्हाय ओ वहिनी, चांगल्या घरात बघितलंय!" हंबीरराव काचेला म्हणाले. काचेने ते ऐकले नाही.

पिराजींनी बाहेरचे हँडल धरले आणि हलकेच खाली दाबून बघितले. पेटी तुटली असती तर हँडल सैल फिरले असते. हे केसभर हलले आणि दगडासारखे थांबले. म्हणजे पेटी धड होती, खाली काहीतरी खटक्याला धरून बसले होते. ते फरशीवर पालथे पडले आणि दाराच्या फटीला डोळा लावला.

उंबऱ्यावर कालच्या रांगोळीच्या रेघा होत्या. हळदीकुंकवाची बोटे ओढलेली होती. आणि कुलपाच्या कोपऱ्याला, दाराच्या खालून, पिवळसर लाल खळ बाहेर येऊन वाळली होती. तिला एक तांदळाचा दाणा चिकटला होता.

पिराजी उठून बसले. "काकी, उंबऱ्याची पूजा रोज करता?"

"रोज करतो की. मार्गशीर्ष चालू हाय."

"अक्षता कुठं वाहता?"

"त्या वाटीत."

"कुठली वाटी?"

"कंपनीनं दिलीया न्हवं उंबऱ्यात! स्टीलच्या काठाची. मला लई आवडली. म्हटलं, ही शहरातली माणसं असून किती इचार करून दार केलंय, हळदीकुंकवाला जागा सोडलीया. एकाच बाजूला का दिली, तेवढं तुला इचारायचं ऱ्हायलं."

पिराजींचा फोन स्पीकरवर होता. हंबीरराव पोट धरून हसायला लागले.

"ते हंबीरराव का दात काढाय लागल्यात?" आतून प्रश्न आला.

"काही न्हाय, काकी. मग नऊ तारखेला मी आलो तवा वाटी रिकामी कशी हुती?"

"इज्यानं कचरा वढायचं मशीन लावून सगळा उंबरा साफ केला की, तू यायच्या आधी. लई घाण हाय म्हणाला. लक्ष्मीची अक्षता त्येला घाण!"

पिराजींना आता सगळे लागोपाठ दिसले. सकाळी वाटीत पाणी, हळद, कुंकू, तांदूळ. दिवसभर दार उघडे, तोवर तांदूळ फुगणार. संध्याकाळी बाळाबाई हँडल वर उचलणार, खटका तांदळात घुसेना म्हणून दोन्ही हातांनी जोर लावणार. पहिल्या पेटीचे दाते असेच तुटले. नवी पेटी मजबूत निघाली, तिने खटका आत घुसवला, आणि रात्रभरात ती खळ त्याच्याभोवती सिमेंटसारखी बसली. नऊ तारखेला त्यांनी बाळाबाईंना एकदा, फक्त एकदा, दार लावून दाखवायला सांगितले असते तर हे तेव्हाच निघाले असते.

"मिस्त्री, काय झालं? फोडताय ना?" विजयसिंह विचारत होता.

"साहेब, कुलूप चांगलं हाय. काच फोडायची तर पाच मिनिटांचं काम. पण चूक माझी हाय, तुमच्या आईची न्हाय. मला अर्धा तास द्या."

"अर्धाच तास," विजयसिंह म्हणाला. "आईला बीपीची गोळी घ्यायचीय."

"घेतलीया मगाशीच!" बाळाबाई दुसऱ्या फोनवरून ओरडल्या.

पिराजींनी त्यांना एकेक करून सांगितले. तांब्याभर पाणी कोमट करा. उलथन्याच्या टोकाने दाराखालचे रबर कोपऱ्यात जरा उचला. पळीने पाणी सोडा, थेंबाथेंबाने, ओतायचे नाही. बाळाबाई खाली मांडी घालून बसल्या आणि देवाला अभिषेक करावा तशा निगुतीने पळी धरून राहिल्या. बाहेर पिराजींनी हत्यारांच्या पेटीतून बाभळीची एक पाचर काढली. ती त्यांच्या सुतारकीच्या काळातली, कारखान्यात कुणी कधी न वापरलेली. ती दाराखाली कुलपाच्या बाजूला सरकवली आणि हातोडीने दोनदा हलके ठोकले. दार सूतभर उचलले गेले. मग पिराजी थांबले. हंबीरराव दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते आणि पिराजी त्यांच्याकडे बघत नव्हते.

बावीस मिनिटांनी दाराखालून पिवळे पाणी बाहेर आले.

"आता हँडल धरा, काकी. जोर न्हाय लावायचा. म्हशीच्या कासेला हात लावता तसा धरा."

बाळाबाईंनी हँडल खाली केले. खट् असा आवाज झाला आणि दार उघडले. आत कोंडलेला उदबत्तीचा वास एकदम बाहेर आला. बाळाबाईंनी तिघांतल्या कुणाकडेही बघितले नाही. फोनवरच्या मुलाकडेही नाही. बादली उचलली आणि त्या थेट गोठ्याकडे गेल्या.

त्या धार काढत होत्या तोवर पिराजींनी भोक साफ केले. मूठभर तांदळाचा लगदा निघाला आणि तळाशी एक रुपयाचे नाणे. ते धुऊन त्यांनी देव्हाऱ्यात ठेवले. मग चहा झाला.

"मग आता उंबरा पुजायचा न्हाय म्हणतोस?" बाळाबाईंनी विचारले. मुलाने विचारले असते तर त्या भांडल्या असत्या. मिस्त्रीला त्यांनी खरोखरच विचारले.

"पुजायचा की. पण ह्यो उंबरा कंपनीचा. तुम्हाला दुसरा देतो."

पेठेतल्या घरी वडिलांच्या वेळची सागवानाची एक फळी शिल्लक होती. त्या दुपारी पिराजींनी ती रंधली, मधोमध कमळ कोरले आणि कमळाच्या पोटात अक्षता मावतील एवढी वाटी केली. गुरुवारी सकाळी, पूजेच्या आधी, ती फळी दाराबाहेर कंपनीच्या उंबऱ्यापासून वीतभर अंतरावर फरशीला बसवली. बाळाबाई वाकून बघत होत्या. "मधे हाय आता," त्या म्हणाल्या. "असं पायजे."

मग विजयसिंहला व्हिडिओ लावला. हंबीररावांनी फोन धरला. पिराजी बाजूला उभे राहिले आणि म्हणाले, "काकी, रोज लावता तसं लावून दाखवा." बाळाबाईंनी दार लावले, एका हाताने हँडल वर केले, किल्ली फिरवली. मग उघडले.

"पुन्हा," विजयसिंह म्हणाला.

त्यांनी पुन्हा केले.

"आणखी एकदा, आई."

तिसऱ्यांदा करून त्यांनी किल्ली कमरेला खोवली. "मी काय सर्कशीतली हाय व्हय रं? शेजारी माणूस हाय, फोन हाय, दार उघडतंय, दार लागतंय. आणखी काय पायजे तुला?"

विजयसिंहने पडद्यावर बराच वेळ आईचा चेहरा बघितला. "मागच्या दाराची जाळी काढून तिथंही कुलूप बसवायचं. मिस्त्री, जमेल?"

"मंगळवारी येतो, साहेब."

"मग रविवारी टेम्पो नाही आणत," विजयसिंह म्हणाला. "नुसता जेवायला येतो."

"आन् त्ये गिऱ्हाईक?" हंबीररावांनी हळूच विचारले.

"त्येला सांगा, तुमच्या घरात म्हस बांधायला जागा हाय काय बघ म्हणावं!" बाळाबाई म्हणाल्या आणि पूजेच्या ताटाकडे वळल्या.

कुलपाच्या दुरुस्तीचे पिराजींनी काही घेतले नाही. सागवानी उंबऱ्याचे, लाकूड आणि मजुरी धरून, चारशे पन्नास सांगितले. बाळाबाईंनी चारशे दिले आणि बाकीचे दूध संस्थेचे बिल झाल्यावर देते म्हणाल्या. पन्नास रुपये अजून यायचे आहेत.